गाण्यातला जीव आणि भूमितीतली जीवा

प्रश्न असा आला आहे: ‘सोलफुल म्युझिक’ला हल्ली ‘आत्मीय संगीत’ म्हणतात, ते बरोबर आहे का? आणि गाण्याला आत्मा असतो म्हणजे नेमकं काय असतं?

बरोबर नाही. आत्मीय म्हणजे आपला, घरचा. मावशीने पाळण्याशी बसून म्हटलेली अंगाई फार तर आत्मीय. पण दिवाळी पहाटेच्या निवेदकांना हा शब्द सापडला आणि तेव्हापासून प्रत्येक गायक आत्मीय झाला. (‘रूहानी’ म्हणणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.) ‘सोल’ हा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गाण्यातून वाढलेला एक प्रकार आहे, बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-नियतकालिकाने १९६९ साली आपल्या एका यादीलाच ते नाव दिलं. त्याचं भाषांतर कशाला? ठुमरीचं करतो का आपण?

मराठी गाण्यात आत्मा नसतो, जीव असतो. गायक जीव ओतून गातो, तान निर्जीव निघते, आणि अगदीच भारी झालं तर गाणं जीवघेणं असतं. हे सगळ्यांना ठाऊक आहे. खरी गंमत आहे ती जवारीत.

तंबोऱ्याच्या तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या घोडीवर, तारेखाली सुताचा एक दोरा सरकवतात. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तो कानशीने किंचित उतरता घासलेला असतो. दोरा केसभर मागेपुढे केला की एका जागी तार अचानक उघडते. एका षड्जातून वरचे स्वर झिरपायला लागतात. ती जवारी. मिरजेचे कारागीर आयुष्यभर हेच करतात. तारेने घोडीला चरे पाडले की जवारी बसते आणि पुन्हा काढावी लागते. गळ्यालाही हाच शब्द लावतात: आवाज जवारीदार आहे.

हा शब्द जवाहीर किंवा जौहरवरून आला असं काही जाणकार छातीठोकपणे सांगतात. सांगोत बापडे. कर्नाटक संगीतवाले त्याच सुताला ‘जीवाळी’ म्हणतात, त्याचं काय करायचं? तिथे कुठला जवाहिऱ्या गेला होता? आणि शार्ङ्गदेव? तेराव्या शतकात, देवगिरीला यादव सिंघणाच्या पदरी असताना त्याने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात एकतंत्री वीणेची तार आणि खालची धातूची पत्रिका यांच्यामध्ये बसवायची बांबूची बारीक कामटी आहे. तिचं नाव जीवा. जीवा, जीवाळी, जवारी. मला यात शंका नाही. ज्यांना असेल त्यांनी आधी तंबोरा लावून पाहावा.

आता ही जीवा म्हणजे प्राण, की आणखी काही? दहावीच्या भूमितीत वर्तुळाची जीवा शिकलात ना? ती संस्कृतातली धनुष्याची दोरी, त्याच अर्थाच्या ‘ज्या’ या शब्दाची बहीण. जीवाशी तिचं रक्ताचं नातं नाही, नुसतं नावसाधर्म्य. (ग्रीकातही हाच घोटाळा: ‘बिओस’मध्ये आघात पहिल्या अक्षरावर असला तर जीवन, शेवटच्यावर गेला तर धनुष्य.) आपल्या ज्योतिषगणितातली ही जीवा अरबांनी ‘जिबा’ म्हणून घेतली, पण लिहिताना फक्त व्यंजनं लिहिली. पुढच्यांनी ते ‘जैब’ वाचलं, म्हणजे अंगरख्याचा गळा, घडी. हिंदीतली जेब तीच. बाराव्या शतकात लॅटिनवाल्यांनी घडीला ‘सायनस’ केलं, आणि आपण तेच ‘साईन’ म्हणून परत घेतलं.

आता पाहा. साईन लहरीचा स्वर म्हणजे कान तपासायच्या यंत्रातली शिट्टी. त्यात वरचा एकही स्वर नाही. गुळगुळीत आणि मेलेला. एका जीवेतून सर्वांत निर्जीव स्वराचं नाव निघालं आणि दुसरी जीवा, तो दीडदमडीचा दोरा, तारेत जीव आणते! शार्ङ्गदेवाच्या मनात दोन्ही अर्थ होते असं माझं मत आहे. पुरावा मागू नका.

युरोपातही हे आत्मा प्रकरण लाकडातच सापडतं. व्हायोलिनच्या पोटात एक काडी उभी अडकवलेली असते. फ्रेंच तिला ‘आम’ म्हणतात, इटालियन ‘आनिमा’. दोन्हींचा अर्थ आत्मा. तीही केसभर सरकली की आवाज बदलतो.

हां, ‘सोलफुल’. कार्यक्रमपत्रिकेत ‘भावपूर्ण’ लिहा, चालेल. ‘आत्मीय’ तेवढं खोडा.