लादी नंतर निवडा, आधी सेक्रेटरींना गाठा

प्रश्न: मुलुंड पूर्वेला आमचा ४८० चौरस फूट कार्पेटचा फ्लॅट आहे. बिल्डिंग १९८६ ची, लाद्याही तेव्हाच्याच, मोझेकच्या. हॉलमध्ये दहा-बारा लाद्या पोकळ वाजतात, दोन तडकल्यात, बाथरूमसमोर जरा खचलंय. दिवाळीआधी सगळं फ्लोअरिंग बदलायचं चाललंय. ठाण्याला दिरांकडे इटालियन मार्बल घातलाय, तेव्हापासून यांचंही मन त्यावरच आहे. कॉन्ट्रॅक्टरने मार्बलचे ५ लाख ७५ हजार सांगितले, व्हिट्रिफाइड लाद्यांचे २ लाख १० हजार. आमची ६ लाखांची एफडी आहे. तिच्यातले पावणेतीन लाख काढा आणि उरलेल्या ३ लाखांचं पर्सनल लोन घ्या, तीन वर्षांसाठी १३ टक्क्यांनी मी करून देतो, टॅक्सही वाचेल, असं तो म्हणतो. घरखर्च महिना ६२ हजार, एसआयपी १५ हजार. मुलगी बारावीत आहे, पुढच्या जूनमध्ये इंजिनीअरिंगची फी साधारण १ लाख ६० हजार. सासूबाई ७४ वर्षांच्या, गुडघे दुखतात. सोसायटीत रिडेव्हलपमेंटची चर्चा सहा वर्षं चालू आहे, पण होत काही नाही. फ्लॅट अजून कै. सासऱ्यांच्याच नावावर आहे, नॉमिनी सासूबाई. मार्बल घालावा की व्हिट्रिफाइड?

उत्तर: ताई, पत्रातली सगळ्यात महत्त्वाची दोन वाक्यं तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलीत. मार्बल की व्हिट्रिफाइड, हे त्यानंतर बघू.

आधी रिडेव्हलपमेंट. फरशी किती रुपयांची, यापेक्षा ती किती वर्षं पायाखाली राहणार, यावर ती स्वस्त की महाग ते ठरतं. व्हिट्रिफाइडचे २ लाख १० हजार पंधरा वर्षांवर पसरले तर वर्षाला १४ हजार पडतात, आणि ते वावगं नाही. पण तीन वर्षांत बिल्डिंग पाडायला घेतली तर तीच फरशी वर्षाला ७० हजारांना पडली. मार्बल असेल तर वर्षाला १ लाख ९० हजारांच्या वर, म्हणजे महिन्याला जवळपास १६ हजार. एवढं तर भाडं झालं, आपल्याच घरात आपल्याच फरशीचं! बिल्डर नव्या फ्लॅटमध्ये करारातल्या अमेनिटीजच्या यादीप्रमाणे फ्लोअरिंग देतो. जुन्या घरात तुम्ही काय घातलं होतं, याचे वेगळे पैसे कोणी देत नाही.

'होत काही नाही' यावर विसंबू नका. मुंबईत रिडेव्हलपमेंट वर्षानुवर्षं होत नाही आणि मग एका जनरल बॉडीनंतर धावायला लागते. म्हणून सेक्रेटरींना चार गोष्टी विचारा. कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करणं, किंवा बिल्डर करून देत नसेल तर सरकारी अधिकाऱ्याकडून मिळवायचं डीम्ड कन्व्हेयन्स झालंय का? जमीन सोसायटीच्या नावावर नसेल तर गाडं बहुधा तिथेच अडतं. पीएमसी, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट, नेमलाय का आणि त्याचा फीजिबिलिटी रिपोर्ट, म्हणजे प्रकल्प परवडेल का याचा अहवाल, आलाय का? सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खाली रिडेव्हलपमेंटसाठी विशेष सभा झालीय का किंवा ठरलीय का? आणि शेवटचं स्ट्रक्चरल ऑडिट कधीचं, त्यात बिल्डिंग कोणत्या वर्गात आली? तीस वर्षांवरच्या इमारतीचं ऑडिट दर तीन वर्षांनी व्हायला हवं, त्यामुळे तुमच्याकडे ते असणारच. नसेल तर फ्लोअरिंगपेक्षा मोठी काळजी आहे. सी-१ म्हणजे धोकादायक, खाली करायची. सी-२ म्हणजे मोठी दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ.

त्याच ऑडिटवाल्या इंजिनीअरला वजनाचंही विचारून घ्या. अठरा मिलिमीटरचा मार्बल चौरस फुटाला साधारण साडेचार किलो भरतो, व्हिट्रिफाइड लादी त्याच्या निम्म्याने, आणि दोन्हींखालचा दीड-दोन इंचांचा सिमेंट-वाळूचा थर आणखी आठ-नऊ किलो. जुना थर न काढता त्यावर नवा चढवायचा विचार चाळीस वर्षांच्या स्लॅबवर मी तरी करणार नाही.

आता दुसरं वाक्य. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सासऱ्यांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर या फ्लॅटमध्ये सासूबाईंचा, तुमच्या मिस्टरांचा आणि दिरांचा हिस्सा आहे. नणंदा असतील तर त्यांचाही. यात कोणाच्या मनात काही आहे असं मी सुचवत नाही. पण तुम्ही एफडी मोडून आणि कर्ज काढून जो मार्बल घालाल, तो कायद्याच्या नजरेत सगळ्यांच्या घरात घातलेला असेल. वाटणीच्या वेळी 'फरशी आम्ही केली होती' हे वाक्य कोणालाच नीट बोलता येत नाही आणि कोणालाच ऐकवत नाही. दिरांशी बोलणं चांगलं आहे तोवर बसा. कोणी हक्क सोडणार असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा, मग सोसायटीत शेअर सर्टिफिकेटवर नाव लावून घ्या. रिडेव्हलपमेंट आलीच तर करारावर सही कोणाची, हाच प्रश्न आधी उठतो. या कामाला वकिलाची फी लागेल. फ्लोअरिंगच्या बजेटमधला पहिला खर्च हा धरा.

टॅक्स वाचण्याचं एका दमात सांगतो. राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला ३० हजारांपर्यंत वजावट आहे, पण ती जुन्या करपद्धतीत आणि घर ज्याच्या मालकीचं आहे त्याला. नव्या पद्धतीत राहत्या घरासाठी ती नाहीच. मिस्टर नव्या पद्धतीत असतील तर विषय संपला. जुन्या पद्धतीत असतील तरी घर अजून त्यांच्या नावावर झालेलं नाही.

तीन लाखांचं लोन १३ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण १०,१०० रुपये येतो आणि एकूण व्याज ६४ हजारांच्या आसपास. म्हणजे तुमचा मार्बल ५ लाख ७५ हजारांचा नाही, ६ लाख ३९ हजारांचा आहे. पहिला हप्ता सुरू होईल आणि पुढच्या जूनमध्ये कॉलेजची फी दारात उभी राहील. तेव्हा कात्री लागेल ती एसआयपीला. इतक्या वर्षांत मी दुसरं काही होताना पाहिलेलं नाही. शिवाय फरशीचा कॉन्ट्रॅक्टर कर्जही मिळवून देतो म्हटल्यावर तो मार्बलचीच शिफारस करणार, यात त्याचं काय चुकलं?

तुमच्या एफडीचा हिशोब मी असा मांडला. सहा महिन्यांचा घरखर्च ३ लाख ७२ हजार, तो हलवायचा नाही. घरात ७४ वर्षांचं माणूस असताना तर नाहीच. फीचे १ लाख ६० हजार बाजूला. उरले ६८ हजार. आज फरशीसाठी तुमच्याकडे खरे मोकळे पैसे एवढेच आहेत. मार्बल यात बसत नाही. व्हिट्रिफाइडही नाही.

मग लाद्या तशाच ठेवायच्या? नाही. तुम्ही तिसरं कोटेशन घेतलेलंच नाही: आहे तो मोझेक घासून पॉलिश करण्याचं. १९८६ चा मोझेक म्हणजे सिमेंटमध्ये बसवलेल्या मार्बलच्या चिपा. मशीन लावून वरचा कळकट थर घासला की खालून नवा चेहरा निघतो. पोकळ लाद्या आधी उचलून पुन्हा बसवायच्या. ज्या तडकल्यात त्यांच्या जागी कपाटाखालच्या किंवा पलंगाखालच्या काढून लावायच्या (काढताना निम्म्या फुटतात, हे धरून चाला) आणि पलंगाखाली जे मिळेल ते घालायचं, तिथे कोण बघतंय? माझा अंदाज चौरस फुटाला ७० रुपयांच्या आसपास, म्हणजे ३४ हजारांच्या आत-बाहेर. रिडेव्हलपमेंट तीनच वर्षांत आली तरी हे महिन्याला साडेनऊशेच्या आत पडतं. आणि कर्ज शून्य.

बाथरूमसमोरचा खचलेला भाग मात्र पॉलिशवाल्याच्या भरवशावर सोडू नका. तिथे पाणी मुरत असण्याची शक्यता मोठी आहे. खालच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या सिलिंगला ओल आहे का ते बघून या. असेल तर प्लंबर आणि वॉटरप्रूफिंग आधी, पैसे त्या ६८ हजारांतूनच. एक अनुभव सांगतो: आमच्या घरी बाथरूमच्या उंबरठ्याशी तोडफोड करताना कडियाने वॉटरप्रूफिंगच्या थरालाच छिन्नी लावली. पुढचा पावसाळा आम्ही खालच्या काकूंकडे रोज एकदा दिलगिरी व्यक्त करायला जात होतो.

समजा, सेक्रेटरींची उत्तरं उलटी आली. कन्व्हेयन्स नाही, पीएमसी नाही, ऑडिटमध्ये सी-३, आणि निम्मे सभासद रिडेव्हलपमेंटच्या विरोधात. म्हणजे दहा वर्षं तरी इथेच. तर दोन वर्षं थांबून, दरमहा वेगळ्या रिकरिंगमध्ये पैसे टाकून व्हिट्रिफाइड करायला माझी हरकत नाही. तुमच्याच कोटेशनची फोड त्या दृष्टीने बघा. लाद्या ७५ रुपये दराने, कटिंग-स्कर्टिंग धरून ५६० फूट, म्हणजे ४२ हजार. बसवण्याची मजुरी, ॲडहेसिव्ह (लादी चिकटवायचा मसाला), ग्राउट (सांध्यांत भरायचा मसाला) ६२ हजार. तोडफोड, हमाली, डेब्रिज ४६ हजार. लेव्हलिंग २५ हजार. दरवाजे कापणं आणि भिंतींचा रंग ३५ हजार. दोन लाख दहा हजारांत लादी फक्त ४२ हजारांची! म्हणजे दुकानात ७५ ची घ्यायची की ९५ ची यावर तुम्ही दोघं आठवडाभर वाद घालाल, तो सगळा वाद ११,२०० रुपयांचा आहे. खरा पैसा कामात आहे.

आणि त्या कामात ॲडहेसिव्हवर काटछाट करू नका. व्हिट्रिफाइड लादी पाणी जवळपास शोषतच नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्यामुळे साधी सिमेंटची स्लरी, म्हणजे पाण्यात कालवलेलं पातळ सिमेंट, तिला नीट धरत नाही. आमच्याकडे हॉलमधल्या चार लाद्या मे महिन्यातल्या एका दुपारी फटाका फुटल्यासारख्या उसळल्या. सांध्यांत गॅप ठेवला नव्हता आणि खाली नुसतं सिमेंट होतं. कॉन्ट्रॅक्टरचा फोन तेव्हापासून 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' आहे. तेव्हा सांध्यांत गॅप राखणारे स्पेसर लावून, ॲडहेसिव्ह पूर्ण पाठीवर पसरून बसवणार, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या. शेवटचे दहा टक्के महिन्याभराने, प्रत्येक लादी ठोकून बघितल्यावर द्या.

मार्बलबद्दल मिस्टरांना काय सांगायचं, असं तुम्हाला वाटत असेल. दिसायला तो सुंदरच, यात वाद नाही. पण मार्बल म्हणजे मुळात चुनखडी. लिंबू, चिंच, कोकमाचं आगळ सांडलं की पॉलिश खातं, आणि आपल्या स्वयंपाकघरात यातलं काही ना काही रोज सांडतं. काही वर्षांनी पुन्हा पॉलिश आलंच. घर विकताना किंमत वाढते म्हणाल, तर मुलुंडमध्ये घेणारा आधी स्टेशनपासूनचं अंतर, कार्पेट आणि पार्किंग विचारतो, आणि ताबा मिळाल्यावर बहुतेक वेळा पहिल्याच आठवड्यात आधीच्या माणसाची फरशी उखडतो. जाऊबाईंची बिल्डिंग किती जुनी आहे, हेही एकदा विचारा. नवी असेल तर त्यांचा निर्णय त्यांच्या घरासाठी बरोबरच होता.

पॉलिशवाल्याला बोलवायच्या आधी सोसायटीला पत्र द्या, कामाच्या वेळा विचारून घ्या. घासताना निघणारी स्लरी बादलीत भरून गोणीत बाहेर काढायला सांगा. नहाणी ट्रॅपमध्ये ओतली तर सिमेंट होऊन बसेल आणि प्लंबरचा खर्च वेगळा. आणि शेवटी तो चकाकीसाठी वॅक्स लावायला निघेल, तेव्हा नको म्हणा. सासूबाईंना रात्री बाथरूमला याच लाद्यांवरून जायचंय.