एआरटी (एचआयव्हीची औषधं) देणाऱ्या सेंटरने गोळी बदलली म्हणजे जुनं औषध फेल गेलं का?

तुम्ही विचारलंय की भावाचा व्हायरल लोड (रक्तात एचआयव्ही किती आहे तो आकडा) कित्येक वर्षं टीएनडी, म्हणजे टेस्टमध्ये व्हायरस सापडतच नाही असा येतोय, तरी सेंटरने टीएलई (टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, इफाव्हिरेन्झ यांची एकत्र गोळी) बंद करून टीएलडी दिली, मग जुनं औषध फेल गेलं का आणि आता पुढचे पर्याय संपत चाललेत का. नाही हो, तसं काही नाहीये.

मी पण पुण्यातच एआरटीवर आहे. सरकारने २००४ ला फुकट औषधं चालू केली, त्यानंतर थोड्याच वर्षांत मी लागलो. तेव्हा स्टॅव्हुडिन होतं, त्याने गाल बसायचे, हातापायाची चरबी जायची आणि सोसायटीतला जो तो विचारायचा काय रे तब्येत उतरली, मग झिडोव्हुडिन दिलं तर माझं हिमोग्लोबिन पडलं, मग टीएलई आली, रात्री एकच गोळी पण स्वप्नं अशी पडायची की सकाळी उठून खरं काय नि खोटं काय कळायचं नाही. आता त्यातलं इफाव्हिरेन्झ काढून डोल्युटेग्राव्हिर घातलं, तीच टीएलडी. एवढं सगळं बदललं पण व्हायरल लोड कधी वर गेला नाही.

त्रास होतो किंवा जास्त चांगलं औषध आलं म्हणून एखादं औषध बदलणं वेगळं. लोड १००० च्या वर गेला, काऊन्सेलिंग झालं, गोळ्या नीट घेतल्या तरी पुढच्या टेस्टला वरच राहिला, तेव्हा लाईन बदलतात, म्हणजे औषधांचा पुढचा संच देतात. भावाचं पहिल्यातलं आहे. आणि डोल्युटेग्राव्हिरपुढे व्हायरस सहजासहजी तग धरत नाही, म्हणून तर बहुतेकांना त्याच्यावर घेतलं.

आता खरं लक्ष द्यायचं ते इथे. ॲसिडिटीचं पातळ औषध, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या यांनी डोल्युटेग्राव्हिर अंगात नीट उतरत नाही, त्यामुळे टीएलडी त्याच्या दोन तास आधी नाहीतर सहा तास नंतर घ्यायची. शुगरची मेटफॉर्मिन चालू असेल तर सांगा, डॉक्टर ती सहसा दिवसाला १००० एमजीच्या वर जाऊ देत नाहीत. टीबीचं रिफॅम्पिसिन सुरू झालं तर डोल्युटेग्राव्हिर दिवसातून दोनदा लागतं. बाहेरच्या डॉक्टरला लाजेपायी सांगत नाहीत लोक, आणि घोळ तिथेच होतो. वजन पण वाढतं थोडं, माझं वाढलंय.

हिपॅटायटिस बी असेल तर टीएलडीतलं टेनोफोव्हिर मनाने बंद करायचं नाही, लिव्हरला झटका बसू शकतो. क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) शेवटचं कधी केलंय ते बुकलेटमध्ये बघा, जुनं असेल तर पुढच्या वेळी गोळ्या आणायला गेल्यावर काऊन्सेलरला विचारा.