सप्रेसर असलेलं यीस्ट बीजाणू देत नसेल तर

बीजाणू बनवायला वापरतात त्या पोटॅशियम ॲसिटेटच्या माध्यमाला लगेच दोष देऊ नकोस. आधी डिप्लॉइडमध्ये (गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या पेशींत) सप४-ओकर हा सप्रेसर, म्हणजे दुसऱ्या जनुकातला बिघाड झाकणारा बदल, आहे का ते बघ. टायरोसिन हे अमिनो आम्ल आणणाऱ्या टीआरएनएचा अँटिकोडॉन (कोडॉन ओळखणारा भाग) असा बदलला की तो यूएए हा स्टॉप कोडॉन (प्रथिन इथे संपव ही खूण) वाचून पुढे जातो. एडीई२-१ (मध्येच यूएए आल्याने बिघडलेलं जनुक) च्या लाल वसाहती त्यामुळे पांढऱ्या पडतात, ही सगळ्यात सोपी खूण. पण हाच टीआरएनए धडधाकट जनुकांचे खरे शेवटही ओलांडतो, आणि जोरदार ओकर सप्रेसर बीजाणू बनणं दाबू शकतात. म्हणून एकाच वंशातून तीन डिप्लॉइड कर: सप्रेसरच्या दोन प्रती, एक प्रत, एकही नाही. दोनच बीजाणू असलेल्या पिशव्या वेगळ्या नोंदव, चारवाल्यांत मिसळू नकोस. मग डॅपीने (डीएनएला चिकटून चमकणाऱ्या रंगाने) रंगवून बघ. केंद्रकं चार दिसली आणि बीजाणू नसले, तर अडचण मायोसिसनंतरची (अर्धसूत्री विभाजनानंतरची) आहे.