बूट हातात घेऊन

"धावणं सोडू, की नोकरी? मुलाला तर सोडता येणार नाही." खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तिने विचारलं. लहान मूल, नोकरी आणि स्पर्धेसाठीचं धावणं एकत्र जमतं का, हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याचदा येतो. ही त्यातलीच एक गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा दीड वर्षाचा, नोकरी पूर्णवेळ. बाळंतपणाआधी तिने ३ तास ४० मिनिटांत मॅरेथॉन पुरी केली होती आणि आता साडेतीन तासांच्या आत यायचं होतं. म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, प्रत्येक किलोमीटर पाच मिनिटांच्या आत. सरावाचं वेळापत्रक मात्र मूल नव्हतं तेव्हाचं, आठवड्यातून सहा दिवस. सव्वाचारला गजर. मुलगा रात्री दोनदा उठायचा, त्यामुळे झोप पाच तास, तीही तुकड्यातुकड्यांत. नडगी दुखायला लागली होती.

मी नेहमीप्रमाणे कागद काढला आणि आठवड्याचे १६८ तास मांडायला बसलो. वेळेचा हिशेब हा आम्हा समुपदेशकांचा आवडता खेळ. अर्धा तास त्यात गेला, हाती काही लागलं नाही. निघता निघता ती म्हणाली, "हल्ली तो रात्रभर माझ्या टीशर्टचं टोक मुठीत धरून झोपतो. मी एकेक बोट सोडवते, बूट हातात घेते आणि जिन्यात जाऊन घालते."

कागद मी बाजूला ठेवला.

या वयात ताटातुटीची भीती जोरात असते. आई दिसत नसली तरी ती कुठेतरी आहे, एवढं मुलाला कळतं. कधी येईल, हे कळत नाही. झोपेतून उठल्यावर आई गायब, असं वरचेवर झालं की ते आपल्यापरीने अर्थ लावतं : डोळा लागला की आई जाते. मग पहारा सुरू होतो. ती जितकी हळू पावलं टाकायची, तितकी त्याची झोप सावध व्हायची, आणि रात्रीचं उठणंही वाढायचं.

पुढच्या भेटीत नवऱ्याला बोलावलं. तो धावण्याच्या विरोधात असणार, हे मी मनात धरूनच बसलो होतो. चूक माझी. तो म्हणाला, "जायला माझी ना नाहीच. पण ती गेलीय, हे मला तो रडायला लागल्यावर कळतं." तिने खाली बघत सांगितलं की विचारलं तर उपकार घेतल्यासारखं वाटतं, म्हणून ती सांगायचीच नाही. ऑफिसात दुपारी डुलकी आली तर कारण डोकेदुखी. प्रशिक्षकाला कळवायची, झोप उत्तम. थोडक्यात, सगळीकडेच बूट हातात. (बाबा लोक धावायला जातात तेव्हा उपकार हा शब्द माझ्या खोलीत क्वचितच ऐकू येतो, हेही नोंदवून ठेवतो.)

मध्येच तिने जास्मिन पॅरिसचं उदाहरण दिलं. ब्रिटनमधली ही धावपटू २०१९ मध्ये ४३१ किलोमीटरची स्पाइन रेस पुरुषांनाही मागे टाकून जिंकली, ८३ तासांत. मुलगी १४ महिन्यांची होती आणि वाटेतल्या थांब्यांवर ती दूध काढत होती. "तिला जमतं, मला का नाही?" गोष्ट खरी आहे, पण लोक ती स्वतःला मारायच्या चाबकासारखी वापरतात. त्या साडेतीन दिवसांत ते मूल दुसरं कुणीतरी सांभाळत होतं, आणि ते उघडपणे ठरलेलं होतं. तेवढंच उचला, म्हटलं.

सरावात मी लुडबूड करत नाही. प्रशिक्षकाला खरी झोप सांगा आणि नडगी फिजिओथेरपिस्टला दाखवा, एवढंच सुचवलं. खरं कळल्यावर प्रशिक्षकाने सहाचे चार दिवस केले : एक लांब पल्ला, एक वेगाचा सराव, दोन सावकाश. वेगाचा सराव टिकवला तर दिवस कमी करूनही कमावलेला दम बराच काळ टिकतो, हे धावणाऱ्यांना माहीत असतं. पटत मात्र नाही. साडेतीन तासांचं लक्ष्य पुढच्या मोसमावर गेलं. त्यावर ती माझ्याशी आठवडाभर बोलली नाही.

घरात दोन गोष्टी ठरल्या. रविवारी रात्री दोघांनी दिवस वाटून घ्यायचे. त्यात दोन सकाळी नवऱ्याच्या, तो त्या कशातही घालवो. आणि मुलाला सांगून निघायचं. त्यासाठी वेळ साडेपाचवर आणली, तो चुळबुळ करायला लागतो तेव्हाची. त्याच्यासमोर बूट घालायचे, "आई पळून येते" एवढं एकच वाक्य रोज बोलायचं, मागे वळायचं नाही. मूल तापलं असेल तर त्या दिवशी सराव नाही, भरपाईही नाही. हे शेवटचं तिला सगळ्यात जड गेलं.

पहिले दहा दिवस त्याने आकांत केला. एकदा डाव्या पायाचा बूट पलंगाखाली ढकलून दिला. तिसऱ्या आठवड्यात मूठ सैल झाली. रात्री तो एकदाच उठायला लागला, कधी तेही नाही.

परवा ती आली होती. मंगळवारी तो अजून रडतो, म्हणाली. किती वेळ?

"मला जिन्याच्या तळापर्यंत ऐकू येतं. पुढचं त्याच्या बाबालाच माहीत."

"मग विचारलंत का बाबाला?"

"विचारलं. दुधाचा कप भरेपर्यंत."