यूपीएस तपासायला हीटरची लोड बँक (चाचणीसाठी जोडलेला कृत्रिम भार) पुरते का? हार्मॉनिक लोड, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पटीतले करंटही (हार्मॉनिक) ओढणारा लोड, कसा तयार करायचा?

पुरत नाही. हीटरचा करंट व्होल्टेजच्याच साइन आकारात वाहतो, म्हणून यूपीएस पूर्ण किलोवॅट देतो का आणि किती तापतो, एवढंच त्यातून कळतं. खरा कस लागतो तो डायोड ब्रिज (एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर) आणि कपॅसिटर असलेल्या लोडवर. कपॅसिटरपेक्षा व्होल्टेज वर असेल तेवढाच वेळ, म्हणजे दर अर्ध्या सायकलमध्ये माथ्याजवळ, करंटचा उंच झटका बसतो आणि यूपीएसच्या व्होल्टेजचा माथा चेपतो.

सुरुवात साध्या सर्किटने करा, असं मी आग्रहाने सांगेन. आयईसी ६२०४०-३ या यूपीएसच्या मानकात असा लोड दिलेला आहे, पॉवर फॅक्टर (वॅट भागिले व्होल्ट-अँपिअर) ०.७ चा. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, १ केव्हीएसाठी हिशोब असा येतो: ब्रिजच्या आधी सिरीजमध्ये २.१ ओहम, नंतर साधारण १२५० मायक्रोफॅरड, त्याला समांतर ११९ ओहम. या शेवटच्या रेझिस्टन्समध्येच ६६० वॅट जळतात, त्यामुळे पंखा हवाच. कपॅसिटर ४५० व्होल्टचा घ्या. सिरीजचा रेझिस्टन्स गाळू नका, तो वायरिंगच्या जागी आहे. काढला की झटके अवाजवी उंच होतात.

प्रोग्रामेबल इलेक्ट्रॉनिक लोड घेणार असाल, तर नुसते हार्मॉनिकचे टक्के भरून भागत नाही, फेजही द्यावा लागतो. मूळ करंटमध्ये ३३ टक्के तिसरा हार्मॉनिक मिसळून बघा. एका फेजला वेव्ह टोकदार होते, क्रेस्ट फॅक्टर (माथा भागिले आरएमएस, म्हणजे परिणामी मूल्य) १.७९, फेज उलटा केला की माथा बसतो आणि तोच १.२६ वर येतो. आरएमएस आणि टीएचडी (हार्मॉनिकचं मूळ करंटशी एकूण प्रमाण) मात्र दोन्हीकडे तेच! रिपोर्टमध्ये फक्त टीएचडी लिहिलेला दिसला, की मी वेव्हफॉर्म मागतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. माथा चेपला की खरा रेक्टिफायर करंट कमी ओढतो, पण ठरावीक आकृती भरलेला लोड तेवढाच ओढत राहतो. म्हणून मोजलेल्या व्होल्टेजवरून करंट त्या त्या क्षणी काढणारा रेक्टिफायर मोड असलेला लोड निवडा. ४० व्या हार्मॉनिकपर्यंत जायचं तर २ किलोहर्ट्झवर करंट नीट पाळला जायला हवा, हेही विचारून घ्या.

थ्री-फेज यूपीएसवर असे तीन सिंगल-फेज लोड लावलेत, तर तिसरा हार्मॉनिक न्यूट्रलमध्ये रद्द न होता बेरजेने येतो. न्यूट्रलचा करंट फेजच्या १.७३ पटीपर्यंत जाऊ शकतो, त्यामुळे चाचणीची न्यूट्रल केबल त्याच हिशोबाने घ्या.