हॉलसाठी अ‍ॅग्रीएबल ग्रे घ्यावा की रिपोज ग्रे?

तुमच्या हॉलची खिडकी उत्तरेकडे आहे, त्यामुळे शेरविन-विल्यम्स या रंग कंपनीच्या भिंतीच्या रंगाच्या या दोन करड्या छटांपैकी मी अ‍ॅग्रीएबल ग्रेच घेईन. एलआरव्ही, म्हणजे भिंत किती उजेड परत फेकते तो आकडा, अ‍ॅग्रीएबलचा 60 आणि रिपोजचा 58. एवढा फरक डोळ्यांना कळतही नाही. खरा फरक आतल्या झाकेत आहे. अ‍ॅग्रीएबलमध्ये बेजची, म्हणजे फिकट तपकिरी रंगाची ऊब आहे. रिपोज जरा थंड, उत्तरेच्या निळसर उजेडात कधीकधी जांभळटही दिसतो. दक्षिणेचं ऊन येणाऱ्या खोलीत मात्र रिपोज फार सुंदर दिसतो! छोट्या शेडकार्डावर विसंबू नका. मोठ्या पुठ्ठ्यावर रंगाचे दोन हात मारा, तो भिंतीला टेकवा आणि सकाळी, तसंच रात्री दिवे लावून बघा. 2700 केल्विनच्या पिवळ्या दिव्यांत अ‍ॅग्रीएबल बराच बेज वाटेल.