हिरड्यांतून रक्त येतं म्हणून वडिलांनी ब्रश सोडलाय. तोंडाचा आणि साखरेचा खरंच काही संबंध असतो का?

असतो, आणि चांगलाच घट्ट असतो. मी नाशिकला सिडकोत दातांचा दवाखाना चालवते. तुमच्या वडिलांसारखे पेशंट माझ्याकडे जवळपास रोज येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही लिहिलंय की वडिलांना मधुमेह आहे, गोळ्या चालू असूनही साखर आटोक्यात येत नाही. घासताना रक्त येतं म्हणून ते आता बोटाने मंजन लावतात. ‘क्लिनिंग केलं की दात हलायला लागतात’ असं शेजाऱ्यांनी सांगितल्यामुळे दवाखान्यात यायला तयार नाहीत.

आधी शेजाऱ्यांच्या मताचा निकाल लावू. आरसा घ्या आणि वडिलांच्या खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू बघा, जिभेकडची. तिथे जिभेखाली लाळेच्या ग्रंथी उघडतात. दातांवर साचलेल्या मऊ थरात लाळेतलं कॅल्शियम बसत जातं आणि त्याचं दगडासारखं कीट बनतं. वर्षानुवर्षं साफ न केलेल्या तोंडात तिथे सगळे दात मिळून एक पिवळट-तपकिरी कट्टाच दिसतो, मधल्या फटीसुद्धा दिसत नाहीत. या कीटाच्या आड हिरडी सुजते आणि खालचं हाड हळूहळू झिजतं. दात सैल झालेला असतो तो त्या हाडामुळे. फक्त कीटाने शेजारच्या दाताला धरून ठेवल्यामुळे ते कळत नाही. ते काढलं की जीभ पहिल्यांदाच फटीत जाते आणि पेशंट म्हणतो, “मॅडम, होते तेवढे बी दात मोकळे केले तुम्ही.” हे मी इतक्यांदा ऐकलंय की हल्ली मशीन हातात घेण्याआधीच सांगून टाकते. उलट कीट निघाल्यावर सूज उतरते, हिरडी दाताला पुन्हा बिलगते आणि थोडेफार हलणारे दात पुष्कळदा घट्ट होतात. काही दिवस थंड पाणी लागलं की सणक मारते, तेवढं सोसावं लागतं.

आता रक्त. निरोगी हिरडीला मऊ ब्रश लागला तर रक्त येत नाही. येतंय म्हणजे तिथे सूज आहे, आणि सूज आहे कारण हिरडीच्या कडेला जंतूंचा थर बसून आहे. ब्रश बंद केला की थर वाढतो, थर वाढला की रक्तही वाढतं. बोट त्या कडेपर्यंत पोचतच नाही. म्हणून रक्त येत असेल तिथेच घासायचं, पण हलक्या हाताने. मऊ ब्रश घ्यायचा, तो हिरडीच्या कडेला थोडा तिरका टेकवायचा, अर्धे केस दातावर आणि अर्धे हिरडीच्या काठावर. मग जागच्या जागी बारीक हालवायचा आणि पुढच्या दोन दातांवर सरकायचं. भांडी घासल्यासारखे आडवे हात मारायचे नाहीत, त्याने हिरडी खाली सरकते. सूज वरवरचीच असेल तर आठ-पंधरा दिवसांत रक्त कमी होताना दिसतं. नाही झालं तर आत कीट आहे असं समजा, ते ब्रशने निघत नाही.

साखरेचं गणित दोन्ही बाजूंनी चालतं. साखर वाढलेली असली की जखमा भरत नाहीत आणि संसर्गाशी लढायची ताकद कमी होते, त्यामुळे हिरड्यांचा आजार झपाट्याने पसरतो. दुसरीकडून, सुजलेल्या हिरड्यांतून सूज वाढवणारी द्रव्यं सतत रक्तात जातात आणि त्यांच्यामुळे इन्सुलिनचं काम नीट होत नाही. आजार बळावलेल्या तोंडात सगळ्या दातांभोवतीचा सुजलेला भाग एकत्र मांडला तर दोन-तीन चौरस इंच भरतो. एवढी जखम पायावर असती तर घरच्यांनी त्याच दिवशी दवाखाना गाठला असता. हिरड्यांवर नीट उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा रक्ताच्या रिपोर्टमधला टक्क्यांतला आकडा, सरासरी ०.४ च्या आसपास उतरतो असं अभ्यासांत दिसलंय, म्हणजे ८.४ असेल तर ८ पर्यंत. गोळ्या आणि पथ्य सोडा असा याचा अर्थ नाही, पण फुकट मिळणारा ०.४ कोण सोडेल?

हृदयाबद्दल मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर जे फिरतं ते ताणून सांगितलेलं असतं. हिरड्यांचा आजार असणाऱ्यांत हृदयविकार जास्त आढळतो, हे खरं. पण तंबाखू आणि मधुमेह दोन्हीकडे सामाईक असतात, त्यामुळे दात न घासल्यानेच अ‍ॅटॅक आला असं छातीठोक म्हणता येत नाही. ज्यांची हृदयाची झडप बदललेली आहे त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या बाबतीत तोंडातले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसू शकतात, म्हणून दात काढण्याआधी किंवा क्लिनिंगआधी अँटिबायोटिक द्यावं लागतं. घरात अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा असतील तर त्यांचंही तोंड रोज ओल्या कापडाने पुसा आणि कवळी रात्री काढून ठेवा. तोंडातली घाण श्वासाबरोबर फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो, आणि याकडे कुणाचं लक्ष नसतं.

दिवसातून किती वेळा घासायचं? दोनदा, आणि त्यातलं एकच जमणार असेल तर झोपण्याआधीचं. झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे जंतूंना रान मोकळं मिळतं. अंबड, सातपूरला नाइट शिफ्ट करणारे विचारतात, आम्ही कधी घासायचं? तुम्ही सकाळी आठला झोपत असाल तर सकाळी आठला. घासल्यावर फेस थुंकून टाका, पण लगेच खळखळून चूळ भरू नका, नाहीतर पेस्टमधलं फ्लोराइड सगळं बेसिनमध्ये जातं. पेस्ट कोणतीही घ्या, फक्त वेष्टनावर १००० पीपीएमच्या आसपास फ्लोराइड लिहिलेलं असावं. मीठ, कोळसा, राख यांनी दात पांढरे दिसतात ते खरवडले गेल्यामुळे.

गोडाबाबत लोक प्रमाण मोजतात, पण दाताला वेळा मोजाव्या लागतात. काहीही गोड खाल्लं की पुढची वीस-तीस मिनिटं, कधी त्याहून जास्त, तोंडात आम्ल राहतं. जेवणानंतर एक पेढा परवडला, दुकानात बसून दर तासाला साखरेचा अर्धा कप चहा आणि दोन बिस्किटं परवडत नाहीत. द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी, पिंपळगावकडचे पेशंट दात आंबल्याची तक्रार घेऊन येतात. बागेत दिवसभर मणी तोंडात जात असतात, दुसरं काय होणार! आंबट खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा आणि ब्रशला अर्धा तास थांबा, कारण तेवढा वेळ दाताचा वरचा थर मऊ असतो.

वडील ‘मंजन’ म्हणतात ते नक्की काय आहे, ते एकदा डबी उघडून बघा. आपल्याकडे तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिश्री अजून पुष्कळ घरांत आहे, आणि लावणाऱ्याला ती तंबाखू वाटतच नाही. तंबाखूमुळे हिरडीतलं रक्त येणं उलट कमी होऊ शकतं, त्यामुळे आतला आजार झाकला जातो. म्हणजे ‘मिश्रीने रक्त थांबलं’ हे त्यांचं म्हणणं खरं असेल, पण ते औषध नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, टपरीवर काय मिळतं ते तुम्हालाही माहीत आहे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात नसतील इतका जबडा आखडलेला, यातलं काहीही असेल तर क्लिनिंगची वाट बघू नका, लगेच दाखवा.

खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात दंतविभाग आहे, आणि पंचवटीत केबीएच दंत महाविद्यालय आहे. तिथे शिकाऊ डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त जातो पण खर्च खासगीपेक्षा कमी येतो.

जाताना अलीकडचा साखरेचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर ठेवा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका, फक्त डॉक्टरांना सांगा. सकाळची वेळ घ्या. आणि उपाशीपोटी अजिबात नेऊ नका, नाश्ता आणि मधुमेहाची गोळी नेहमीसारखी झालेली असू द्या. खुर्चीवर साखर उतरून घाम फुटलेले पेशंट ‘दात दाखवायचे म्हणून काही खाल्लं नाही’ असंच सांगतात.